हवालदाराची सव्वा मूठ

कुत्र्याला घेऊन परगावी जायचं म्हणजे काय असतं, हे माझ्या नातीला कधी कळायचं नाही. ती पुण्याला असते. चार दिवस कुठं जायचं झालं की तिचा तो गुबगुबीत, केसाळ कुत्रा ती कुत्र्यांच्या होस्टेलात ठेवते. तिथली मुलं रोज संध्याकाळी तिच्या मोबाइलवर त्याचा व्हिडिओ पाठवतात, आणि ही बया तो मला धुळ्याला पाठवते. परवा तिनं विचारलं, "आजी, तो तिथं नीट जेवला असेल ना गं?" तिचा आवाज ऐकला आणि इतक्या वर्षांनी मला शिंदखेड्याकडचा तो गोठा आठवला, आणि गोठ्यात पाय दुमडून बसलेला आमचा हवालदार. म्हटलं, हे एवढं तरी लिहून ठेवावं. बाकी आयुष्यात सांगण्यासारखं काय कमी घडलं, पण त्यातलं निम्मं मी विसरले आणि उरलेलं सांगण्याजोगं नाही.

तेव्हा आम्ही जळगावला राहायचो. नाना, म्हणजे माझे वडील, दाळमिलमध्ये मशीन सांभाळायचे. घर मिलच्या मागच्याच गल्लीत होतं, दोन खोल्या आणि मागं तीन पायऱ्या. दिवसभर मिलची घरघर चालायची. ती बंद पडली की आम्हाला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. तुरीच्या टरफलांची बारीक धूळ अंथरुणावर, भांड्यांवर, केसांत, सगळीकडं. आईचा अर्धा जन्म ती पुसण्यात गेला. संध्याकाळी चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पडायची, त्या वासानं मी गल्लीतून खेळ टाकून पळत यायचे. भाकरीबरोबर ठेचा, नाहीतर कढी, हिवाळ्यात भरीत. घरात आम्ही चौघं: आई, नाना, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा दिलीप, त्याला मी भाऊ म्हणायचे, आणि मी, सुमन. पाचवा हवालदार.

भाऊनं त्याला मिलच्या पोत्यांमागून उचलून आणलं तेव्हा तो मुठीएवढा होता. तांबडा रंग, एक कान उभा, एक पडका. पण बसायचा असा ताठ की बघणाऱ्यानं सावधान उभं राहावं. भाऊला सैन्यात जायचं वेड होतं. स्वतः भरती व्हायच्या आधीच त्यानं कुत्र्याला हवालदार करून टाकलं. रात्रीचं जेवण भाऊ मागच्या पायरीवर बसून करायचा. भाकरीचे दोन भाग करायचा, आपल्या भागाचा एक घास आधी तोंडात टाकायचा आणि मग दुसऱ्या भागातला तुकडा त्याच्यापुढं धरायचा. "आधी मी, मग तू. लष्करात शिस्त असते, काय?" हवालदार मान हलवायचा नाही, डोळासुद्धा हलवायचा नाही. भाऊचा घास गिळून झाला की मगच तोंड पुढं करायचा. आई वैतागायची, "माणसाच्या ताटातलं कुत्र्याला आणि कुत्र्याच्या तोंडातलं माणसाला, कप्पाळ माझं!" पण भाकरी थापताना ती एक जास्तीची थापायचीच.

मग भाऊ खरोखरच भरती झाला. स्टेशनवर त्यानं आईच्या पाया पडून झाल्यावर माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "सुमे, हवालदार तुझ्या हवाली. मी सुट्टीवर येईन तेव्हा मला तो असाच्या असा पाहिजे." मी नववीत होते. मला तोवर कोणी काही हवाली केलेलं नव्हतं. घरात माझ्या नावावर एक फणी होती, तीसुद्धा आई वापरायची. मी इतकी फुगले की भाऊ गेल्याचं रडूसुद्धा मला स्टेशनाबाहेर आल्यावर आलं. त्या संध्याकाळपासून मागच्या पायरीवर मी बसायला लागले. भाकरीचे दोन भाग, आधी मी, मग तो. असं का करायचं ते मी कधी विचारलं नाही. भाऊ करायचा म्हणून मीही करायचे.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं कानबाई, आमची कुळदेवी, बसते. खानदेशात ज्यांच्या घरी कानबाई आहे त्यांना सांगायला नको, पण इतरांना सांगते. त्या दिवशी साऱ्या भाऊबंदांनी मूळ घरी जमायचंच, मग कोणी सुरतेला असो की नाशिकला. आमचं मूळ घर शिंदखेड्यापासून बैलगाडीनं दीड तासावरच्या गावात, आबांकडं. आबा म्हणजे नानांचे थोरले भाऊ. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे. हजर असो नसो, पाळण्यातलं पोर असो, नाव घेऊन सव्वा मूठ. त्या गव्हाच्या पिठाच्या ज्या पुरणपोळ्या होतात तो रोट. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्या माणसाच्या तोंडी त्याचा कण जाता कामा नये. जेवून हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्डा करून त्यात ओतायचं. लग्न झालेली मुलगीही बाहेरचीच, तिला रोट नाही. आणि मुलींच्या नावानं मूठ मोजतच नाहीत. लग्न होईपर्यंत बापाभावाच्या मुठीतलं खायचं, झालं. हे मला तेव्हा जराही खटकलं नाही. आज खटकतं, पण आज विचारायला आबा नाहीत.

आदल्या वर्षी हवालदार लहान होता, तेव्हा गल्लीतल्या मारवाडी काकूंनी त्याला चार दिवस ठेवून घेतलं होतं. याही वर्षी त्या म्हणाल्या, "ठेव बेटा, मी घालेन त्याला दूध-रोटी." पण भाऊचं पत्र आलं होतं. त्यात आईची चौकशी दोन ओळी, नानांची एक, आणि हवालदाराची सबंध अर्धं पान. शेवटी लिहिलं होतं, त्याला कोणाकडं ठेवू नका, मी गेल्यानं आधीच तो बावरला असेल. नाना पत्र दोनदा वाचून म्हणाले, "हा लष्करात गेला की कुत्र्याचा मामा झाला?" पण जाऊन कुत्र्याचं तिकीट काढून आले. मला म्हणाले, "हे बघ सुमे, नेतो. पण तिथं त्याचं खाणंपिणं, बांधणं-सोडणं तू बघायचं. मला आबांसमोर मान खाली घालायला लावू नकोस."

कुत्र्याचं तिकीट असतं हे मला तेव्हा कळलं. आणि गाडीच्या शेवटी गार्डाच्या डब्यात कुत्र्यांसाठी एक लोखंडी पेटी असते हेही. पेटीला जाळीचं दार, आत जेमतेम बसण्याएवढी जागा. मला वाटलं हवालदार आता गाडी डोक्यावर घेणार. छे! तो आत शिरला, एक गिरकी घेतली आणि जाळीकडं तोंड करून ताठ बसला. गार्ड म्हातारे होते, पांढरी दाढी, बगलेत हिरवं-तांबडं निशाण. ते म्हणाले, "बेटी, हा तर ड्युटीवर बसला." आम्ही बसलो पुढच्या डब्यात, पण माझा जीव मागं. धरणगावपासून प्रत्येक स्टेशनला गाडी थांबली की मी उतरून फलाटावरून मागं पळायची, जाळीतून बोट घालायची, शिट्टी झाली की परत पळायची. अमळनेरला इंजिन पाणी भरत होतं, तिथं वेळ मिळाला. मी त्याला भाकरी दिली. तो बघत राहिला. पाणी प्यायला, भाकरीला तोंड लावलं नाही. गार्ड म्हणाले, "गाडीत नाही खात जनावर. पोचला की खाईल." मला पटलं. नरडाण्यापर्यंत मी अशी दहा वेळा पळाले असेन, आणि प्रत्येक वेळी तो तसाच बसलेला, इंजिनाच्या धुरानं काळवंडलेला, नजर नेमकी मी येणार त्या बाजूला. दोन्ही बाजूंनी कापसाची हिरवी शेतं मागं पडत होती. मी तर थक्क झाले होते. मला पहिल्या खेपेला गाडीत ओकारी झाली होती, आणि हा प्राणी काळोख्या पेटीत राजासारखा बसून खानदेश ओलांडत होता.

आबा शिंदखेड्याला गाडी घेऊन आले होते. उंच, काळे, बोलणं मोजकं. त्यांनी पेटीतून उतरणाऱ्या हवालदाराकडं पाहिलं.

"हाऊ कोन?"

"दिलीपना कुत्रा शे, आबा," नाना पटकन म्हणाले.

आबांनी त्याला बैलगाडीत चढू दिलं. पण घरी पोचल्यावर अक्का, म्हणजे आबांची बायको, दारातच आडवी आली. अक्काच्या हातात घरातला सगळा बाईकारभार होता आणि तिच्यासमोर आबांचंही चालायचं नाही. "देवनं घर शे. त्याले गोठामा बांध," ती म्हणाली. "आणि पोरी, कुत्र्याला हात लावलास तर आंघोळ केल्याबिगर चुलीकडं फिरकायचं नाही." घर सारवून, रंगवून लखलखीत केलं होतं. जातं धुतलेलं, भांडी घासलेली, बायकांच्या सोवळ्याला धार आलेली. मी मुकाट्यानं त्याला गोठ्यात बैलांच्या पलीकडं खुंटीला बांधलं.

जेवण आम्हा पोरीबाळींचं चुलीपाशी बायकांच्या पंगतीत. जेवून झालं की मी एका फुटक्या थाळीत भाकरी कालवून न्यायची, लांबून त्याच्यापुढं सरकवायची आणि दाराशी उभी राहायची. शिवला तर पुन्हा आंघोळ. गुरुवारी रात्री त्यानं खाल्लं नाही. शुक्रवारी सकाळी दूध ठेवलं, ते मांजर प्यालं. दुपारी मी चोरून तूप घातलं. संध्याकाळी नानांकडून बिस्किटाचा पुडा आणवला. तो थाळीकडं बघायचा, मग माझ्याकडं बघायचा, मग पुन्हा ताठ बसायचा. पाणी मात्र प्यायचा. शनिवारी त्याच्या बरगड्या मोजता यायला लागल्या, किंवा मला तसं वाटायला लागलं. नाना म्हणाले, "भूक लागली की खाईल मेला." पण संध्याकाळी तेच दोनदा गोठ्यात डोकावून आले. ढोरांचा डॉक्टर शिंदखेड्याला, तो सोमवारशिवाय भेटायचा नाही. माझ्याजवळ भाऊला लिहायला आणलेलं अंतर्देशीय पत्र होतं. 'प्रिय भाऊ, हवालदार मजेत आहे' एवढं लिहिलं आणि हात थांबला. उद्या तो मेला तर हे पत्र भाऊच्या हातात पडेल तेव्हा काय? मी गोठ्याच्या दारात बसून हमसून हमसून रडले. असाच्या असा पाहिजे म्हणाला होता तो. मी नेऊन त्याला काय दाखवणार होते, खुंटी?

आणि इकडं गावात भलतंच सुरू झालं. शेजारची एक म्हातारी शेण न्यायला गोठ्यात आली होती. तिनं भरलेली थाळी पाहिली, ताठ बसलेला कुत्रा पाहिला आणि बाहेर जाऊन सांगितलं की शहरातून आलेल्या कुत्र्यानं कानबाईचा उपास धरलाय. झालं! रविवारी सकाळपासून बायका येऊन बघून जायला लागल्या. आम्हा सगळ्यांचा उपास होताच, त्यात हा एक उपासकरी. एकीनं तर त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. हवालदारानं लावून घेतलं! तांबड्या कपाळावर पिवळा-लाल मळवट, एक कान उभा, एक पडका, आणि डोळे मिटून शांत बसलेला. ज्या अक्कानं त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं ती लांबूनच हात जोडून उभी राहिली. मी दुधाची वाटी घेऊन आत जायला लागले तर तिनं मला अडवलं.

"राहू दे वं माय. त्याले बळजबरी करू नको. त्यानी उपास धरेल शे."

"अक्का, तो उपाशी मरेल!"

"देवनं काम शे. तू मधमा पडू नको."

मी वाटी खाली ठेवली. थट्टा नव्हती तिच्या डोळ्यांत. आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटून गेलं की असेलही. चार दिवस अन्नावाचून इतकं शांत कोण बसतं? मला एक एकादशी निभत नव्हती. आज मी अशा गोष्टींवर पटकन विश्वास ठेवत नाही, शाळेत तीस वर्षं शास्त्र शिकवलंय. तरी ते कुंकू लावलेलं कपाळ आठवलं की मी अजून गप्प होते.

रविवारी दुपारी कानबाई बसली. चौरंगावर नारळ, नारळाला डोळे, नाक, नाकात नथ, अंगावर अक्काची लग्नातली साडी आणि भाऊबंदकीतल्या सगळ्या बायकांचे दागिने. माझ्या आईची एकुलती एक पुतळ्यांची माळही त्यात होती. अख्ख्या घरादाराची श्रीमंती एका नारळावर चढली की तो नारळ राहत नाही, हे मी दर वर्षी बघायचे आणि दर वर्षी माझ्या अंगावर काटा यायचा. आरती झाली, उपास सुटले, पंगत बसली. रोट, खीर, आमटी. भाऊच्या नावाच्या मुठीचा रोट अक्कानं माझ्या हातात फडक्यात बांधून दिला. "तुझा भाऊ नाही, त्याचा रोट तू संपव. उद्या दुपारच्या आत. एक कण वाया जाता कामा नये." मला घास उतरत नव्हता. मी गाठोडं तसंच ठेवलं.

सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघाली. आबा अनवाणी, डोक्यावर चौरंग, मागं साऱ्या भाऊबंदकीतल्या बायका गाणी म्हणत, फुगड्या घालत, पुढं ढोल. मिरवणूक गोठ्यावरून गेली तेव्हा तीन दिवस न उठलेला हवालदार उठून उभा राहिला. पाय थरथरत होते, पण उभा राहिला, आणि आवाज लांब जाईपर्यंत उभाच होता. मग एकदम खाली बसला, मान जमिनीला टेकवून. त्यानं कधी अशी मान टाकली नव्हती. मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले होते. सगळं गाव बुराई नदीवर गेलेलं, घरात कोणी नाही. मी गोठ्यात गेले आणि आंघोळीचा, सोवळ्याचा विचार न करता त्याच्या शेजारी गवतावर फतकल मारली. म्हटलं, होईल ते होवो, निदान एकटा तरी नको मरायला.

मग मला गाठोडं आठवलं. दुपार व्हायच्या आत रोट संपवायलाच हवा होता. देवीचा दोष भाऊला लागायचा, आणि भाऊ तिकडं बंदुका घेऊन. मी फडकं सोडलं, रोट मधून मोडला आणि रडत रडत एक घास तोंडात कोंबला. गिळला. आणि बघते तर हवालदारानं मान उचललेली. त्याचं नाक माझ्या गुडघ्यावर आलं. डोळे माझ्या तोंडाकडं, मग उरलेल्या अर्ध्या रोटाकडं. हात माझाच पुढं गेला, मी तो पुढं केला असं म्हणणार नाही. त्यानं हळूच, दात न लावता, तुकडा घेतला. खाल्ला! मी एक घास, तो एक घास. मी थांबले की तो थांबे. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. अगं भवाने, चार दिवस तू याला थाळी सरकवून लांब उभी राहत होतीस. याला तूप नको होतं, बिस्किट नको होतं. आधी तू, मग तो. तू जेवलेलं त्यानं बघितलंच नव्हतं. परक्या गावात, परक्या गोठ्यात, आपलं माणूस उपाशी आहे असं समजून तो शिस्तीत थांबला होता. चार दिवस! मी त्याच्या गळ्यात हात टाकून मोठमोठ्यानं हसत होते आणि रडत होते.

आणि मान वर केली तर गोठ्याच्या दारात सगळी भाऊबंदकी उभी. नदीवरून परत आलेली, ओल्या पायांनी. पुढं आबा.

कुत्र्याच्या मिशांना पुरण लागलेलं होतं. लपवायला काही उरलं नव्हतं. "ओ माय!" कोणीतरी बाई किंचाळली. सुपडू काका, नानांचे चुलतभाऊ, सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, "रोट बाहेरना तोंडमा गया! आते काय व्हई?" ते म्हणाले कुत्र्याला आत्ताच्या आत्ता गावाबाहेर हाकला. कोणी म्हणालं कानबाई पुन्हा बसवावी लागेल. नाना तर खाली मान घालून उभे होते. मला आबांसमोर मान खाली घालायला लावू नकोस, एवढंच त्यांनी मागितलं होतं माझ्याकडं. मी हवालदाराच्या गळ्यातली दोरी मनगटाला गुंडाळली. मनात म्हटलं, हाकलायचं तर दोघांना हाकला.

आबांनी हात वर केला. ते आत आले, माझ्यासमोर उकिडवे बसले.

"हाऊ रोट कोना?" त्यांनी विचारलं.

"भाऊचा," मी म्हटलं. "भाऊच्या मुठीतला. मी एकटीनं नाही खाल्ला आबा. पण मी खाल्ल्याशिवाय तो खातच नाही. मला माहीतच नव्हतं."

मी त्यांना सगळं सांगितलं. जळगावची पायरी, भाऊची शिस्त, फुटकी थाळी. आबा हवालदाराकडं बघत होते. हवालदारही त्यांच्याकडं बघत होता, ताठ बसून, कपाळावर कालचं कुंकू. मग आबा उठले आणि दाराकडं वळले.

"दिलीप आठे नही," ते म्हणाले. "त्यानी जागावर कोन उना? हाऊ उना. चार दिन उपाशी ऱ्हायना, रोटवर उपास सोडा. आते हाऊ भाऊबंद शे. कोनी काही बोलानं नही." भाऊच्या जागी हाच आला, असा निकाल देऊन ते दोन पावलं गेले, थांबले आणि नानांना म्हणाले, "भाऊबंदले दर साल येनं पडी."

सुपडू काका दारातून बाजूला सरकले. अक्का आत गेली आणि जर्मनच्या ताटलीत खीर घेऊन आली. ती माझ्या हातात दिली, मी एक घोट घेतला, मग हवालदारानं ताटली चाटूनपुसून चकचकीत केली. अख्खी भाऊबंदकी उभी राहून बघत होती, एक कुत्रा खीर खातो ते.

पुढच्या श्रावणात भाऊ सुट्टी घेऊन आला. हवालदार पुन्हा त्या लोखंडी पेटीत बसून आला, तेच गार्ड नव्हते याचं मला वाईट वाटलं. आबा सुपात गहू मोजायला बसले. एकेकाचं नाव, एकेकाची सव्वा मूठ. "दिलीपनी सव्वा मूठ," ते म्हणाले आणि गहू सुपात पडले. मग पुन्हा हात पोत्यात घातला, "हवालदारनी सव्वा मूठ." भाऊ, लष्करातला गडी, तोंड फिरवून बाहेर गेला. मी तिथंच उभी होते. गव्हाचे दाणे सुपात पडताना मी बघत होते आणि माझ्या छातीत मावत नव्हतं. माझं नाव कोणी घेतलं नाही, घेणारच नव्हतं, आणि त्या दिवशी ते माझ्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं पाच वर्षांनी. माझं लग्न होऊन मी पारोळ्याला गेले होते आणि पहिल्या श्रावणात कानबाईला पाहुणी म्हणून आले. पाहुणीच. अक्कानं माझं ताट ओट्यावर वेगळं वाढलं, वेगळ्या कणकेची साधी पोळी. ती वाढताना तिचेच डोळे भरून आले होते, पण रीत ती रीत. आत रोटाची पंगत बसली. पुरुषांच्या ओळीच्या टोकाला पळसाच्या पानावर हवालदाराचा रोट. त्याचं तोंड आता पांढरं झालं होतं, चालणं मंद. मला दारातून सगळं दिसत होतं. माझी पोळी तशीच ताटात होती. कुत्र्याला चालतो तो रोट आता मला चालत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा टोचलं.

हवालदारानं पानाकडं पाहिलं. खाल्लं नाही. भाऊनं स्वतः घास घेऊन दाखवला, तरी नाही. मग त्यानं सबंध रोट अलगद तोंडात उचलला, पंगतीच्या मधून चालत आला, उंबरा ओलांडला आणि रोट माझ्या मांडीवर ठेवला. आणि ताठ बसला.

आत सगळ्यांचे हात थांबले. सुपडू काकांचा घास तोंडापाशी. मी आबांकडं पाहिलं. आबा फार थकले होते त्या वर्षी. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"मी काही दखं नही," ते सगळ्या पंगतीला म्हणाले. "जेवा रे बठ्ठा."

मी रोट मधून मोडला. आधी मी, मग तो.